परसबागेत माठ पुरा

महोदय,

उन्हाळ्यात परसातल्या वेलांना रोज नळीने पाणी मारण्यापेक्षा पाण्याने भरलेला माठ शेजारी पुरून पाहावा; त्यातून झिरपणारी ओल मुळांना मिळते. आठ-दहा लिटरचा, रंग न दिलेला साधा माठ घ्यावा. रात्रभर भरून ठेवल्यावर बाहेरून ओल आली, तरच तो कामाचा. तो गळ्यापर्यंत पुरावा. आपल्या नाशिकची काळी माती वाळली की भेगाळते, माठापासून सुटते आणि ओल मुळांपर्यंत पोचतच नाही. म्हणून भोवती निम्मं शेणखत मिसळावं आणि वर चार बोटं पालापाचोळा अंथरावा. माठालगत काकडी किंवा दोडक्याच्या तीन-चार बिया टोकाव्यात. उगवेपर्यंत वरूनही पाणी द्यावंच लागतं, हे बरेचजण विसरतात. तोंडावर झाकणी हवी, नाहीतर डास होतात. पाणी निम्म्यावर आलं की माठ भरावा. बोअरच्या जड पाण्याने छिद्रं बुजतात, तेव्हा हंगामानंतर माठ काढून काथ्याने घासावा.

फेब्रुवारीअखेर लावलेली काकडी एप्रिलमध्ये हाती येते. सकाळी, ऊन चढायच्या आत तोडलेली, अंगावर बारीक काटेरी लव असलेली कोवळी काकडी मीठ लावून खाण्याचं सुख मुलांना जरूर द्यावं. रोपवाटिकांनी बियांसोबत असे माठही विकायला ठेवावेत.

— एक वाचक, मखमलाबाद, नाशिक