सूचना : दिवाळीच्या रंगकामाआधी जुना रंग तपासा

दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या सभासदांना नमस्कार.

नवरात्र उरकलं की घरोघरी रंगारी येतील. त्याआधी जुनी दारं, खिडक्या, कठडे नीट पाहा. घरगुती रंगात शिसं (विषारी धातू) ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांच्या आत हवं, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. आधीच्या ऑइलपेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या-नारिंगीत, ते बरंच जास्त असू शकतं. खिडकी उघडता-मिटताना रंग घासून धूळ पडते आणि रांगतं मूल तोच हात तोंडात घालतं.

आमच्या मते नुसत्या नजरेवर विसंबू नये. लाकडापर्यंतचे सगळे थर येतील अशी खपली पिशवीत घालून खोलीचं नाव लिहा. नमुने एकत्रच प्रयोगशाळेत देऊ. रंग धड असेल तर उगाच खरवडू नका.

काढायचाच झाला तर कोरडा पॉलिशपेपर आणि ब्लोलॅम्प (ज्योतीने रंग जाळून काढायचा दिवा) दोन्ही बंद. (रंगारी कुरकुरेल, कुरकुरू दे.) पाणी फवारून खरवडा, खाली प्लास्टिक अंथरा, नंतर झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसा. मुलं आणि गर्भवती तेवढे दिवस दुसरीकडे.

नावं रविवारपर्यंत कळवा.

– कार्यवाह