इलास्टिक संपलं तेव्हा: मास्क शिवणाऱ्या ताईंना आभाराचं पत्र

प्रति,
मार्च ते मे २०२० या काळात घरच्या मशीनवर मास्क शिवून देणाऱ्या सर्व ताया, काकू आणि टेलरकाका यांस,

स. न. वि. वि.

पत्र उशिरा लिहितोय, हे मान्य. आम्ही काहीजण शिवणवर्गाशी संबंधित आहोत, काहीजण आरोग्य केंद्रांशी. त्या दिवसांत टाळ्या सगळ्यांसाठी वाजल्या, हार सगळ्यांना एकाच मापाचे मिळाले. पण तुम्ही मशीनवर बसून नेमकं काय काय ठरवलंत हे कुणी विचारलं नाही. आभार मानायचे तर त्या ठरवण्याचे मानावेत, म्हणून हे पत्र जरा कापडात, सुईत आणि मापांत शिरणार आहे.

आधी परिस्थिती आठवू. ९ मार्चला पुण्यात राज्यातले कोरोनाचे पहिले रुग्ण सापडले. १३ मार्चला केंद्र सरकारने मास्क आणि सॅनिटायझर अत्यावश्यक वस्तूंत टाकले, मग दरही बांधून दिले: दोन पदरी मास्क आठ रुपये, तीन पदरी दहा. दर छापून आला, माल काही आला नाही. मेडिकलवाले हात हलवून परत पाठवत होते. २५ मार्चला, ऐन पाडव्याला, टाळेबंदी लागली आणि कापडाची दुकानं, दोरा-बटणांची दुकानं, सगळ्यांची शटर खाली आली. तोवरचा सरकारी सल्ला असा होता, की धडधाकट माणसाला मास्कची गरज नाही. घरी शिवलेला मास्क चालेल, वापरा, असं आरोग्य मंत्रालयाने एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सांगितलं. मुंबईत ८ एप्रिलला मास्क सक्तीचा झाला. जागतिक आरोग्य संघटनेने कापडी मास्कबद्दल सविस्तर सल्ला दिला तो ५ जूनला. तुमच्यातल्या कित्येकींच्या मशीन त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होत्या, म्हणजे सल्ला यायच्या आत अर्धी वस्ती मास्क लावून फिरत होती.

आता कापड. दुकानं बंद, तेव्हा जे घरात होतं ते बाहेर निघालं: मांजरपाट, पॉपलिन, ब्लाउजचं अस्तर, टू बाय टूचे उरलेले तुकडे, गणवेशाच्या शर्टाचं कापड, जुन्या चादरी. तुम्ही यातलं सरसकट सगळं घेतलं नाहीत. कापड उन्हापुढे धरून पाहिलंत. उजेड भसाभस आरपार आला तर ते बाजूला, कारण धाग्यांमधल्या फटी मोठ्या. धुऊन धुऊन विरलेली सुती साडी अंगाला मऊ लागते, पण तिचं दोन पदरांनी भागत नाही. उलट जाड डेनिम किंवा मेणचट रेनकोटचं कापड घेतलं, तर श्वास कापडातून जातच नाही, कडेच्या फटींतून जातो. म्हणजे मास्क दिसायला भक्कम आणि कामाला शून्य. घट्ट विणीचं, मध्यम जाडीचं शंभर टक्के सुती कापड आणि त्याचे दोन पदर, हा मधला मार्ग तुम्ही बोटांच्या चिमटीत कापड चोळून शोधलात.

आणि कापण्याआधी ते गरम पाण्यात भिजवून, धुऊन, वाळवून घेतलंत. हे काम दिसत नाही, पण सगळ्यात जास्त मास्क इथेच फसले. कोऱ्या सुती कापडात खळ असते आणि ते आटतं. न धुता कापलेला मास्क पहिल्या दिवशी नाकापासून हनुवटीपर्यंत व्यवस्थित बसतो. एकदा उकळून काढला की बोलताना नाकावरून खाली घसरतो. मग माणूस दर दोन मिनिटांनी बोटाने तो वर ओढतो आणि ज्या कारणासाठी मास्क लावला तेच घालवतो.

आतला पदर एका रंगाचा आणि बाहेरचा दुसऱ्या, हेही तुमचंच शहाणपण. काढून ठेवलेला मास्क परत घालताना कुठली बाजू तोंडाकडची हे चष्मा न लावताही कळायचं.

खरी पंचाईत इलास्टिकची झाली. ते गावोगाव संपलं. ज्यांच्याकडे होतं त्यांनी भाव वाढवला, काहींनी चड्डीचं जाड इलास्टिक उभं कापून वापरलं आणि ते दोन धुण्यांत उसवलं. तुम्ही बांधायच्या कापडी बंदांवर आलात. बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल, इलास्टिक नाही तर नाडी, त्यात काय एवढं! तर हिशोब असा आहे. मोठ्या माणसाच्या मास्कला ९ बाय ७ इंचाचे दोन तुकडे लागतात. छत्तीस इंची पन्ह्याच्या एक मीटर कापडात असे वीस तुकडे बसतात, म्हणजे इलास्टिक असेल तर दहा मास्क. बंद लावायचे तर वर-खाली दीड इंच रुंद आणि छत्तीस ते चाळीस इंच लांब अशा दोन पट्ट्या, शिवाय दोन बाजूंना पाच-पाच इंचांच्या दोन. चौरस इंचांत मोजलं तर बंदांना तोंडावरच्या भागाइतकंच कापड जातं, कधी थोडं जास्तच. त्याच मीटरमध्ये मास्क होतात जेमतेम पाच. कापड मिळत नसताना हा निर्णय घेणं सोपं नव्हतं.

तरी तो बरोबर होता. एक तर उकळत्या पाण्याने इलास्टिक लवकर सैल पडतं, कापडी बंद तसे सैल होत नाहीत. दुसरं, इलास्टिकचं माप एका कानाला घट्ट तर दुसऱ्याला ढिलं. बंद मात्र अंबाडा, फेटा, श्रवणयंत्र, चष्मा, सगळ्यांना जमवून घेतात. आशाताई, म्हणजे गावोगावच्या आशा आरोग्य स्वयंसेविका, घरोघर सर्वेक्षण करत उन्हात तासन्‌तास फिरत होत्या. कानामागे सोलवटलेल्या माणसाने मास्क गळ्यात उतरवून ठेवणं ठरलेलंच. वरचा बंद टाळूच्या मागे आणि खालचा मानेवर बांधला की कानांवर ताणच येत नाही. ज्यांनी कापड वाचवायला जुन्या टी-शर्टच्या पाऊण इंची आडव्या पट्ट्या कापून ताणल्या आणि त्यांच्या आपोआप गुंडाळलेल्या गोल दोऱ्या वापरल्या, त्यांचं तर खास कौतुक. त्या पट्टीला दुमड नको, टीप नको, ती उसवतही नाही. फक्त कापताना शिवणीची बाजू टाळायची.

चुण्यांबद्दल बोलल्याशिवाय हे पत्र पुरं व्हायचं नाही. तीन चुण्या, प्रत्येकीत साधारण सव्वा इंच कापड, आणि नऊ इंचांची उंची कडेला पाचावर येते. बाहेरून पाहिलं तर चुण्यांची तोंडं खाली. वर ठेवली तर तिथे खिसे होतात आणि धूळ, शिंतोडे त्यात साठतात. काहींनी घाईत उलट्या घातल्या, पण बहुतेकींनी नाही.

आता मास्कच्या बाजूच्या कडेवर सुई आणून पाहा. कापड दोन पदरी. चुणीत ते तिप्पट होतं, म्हणजे सहा पदर. त्यावरून दुमडलेली पट्टी जाते, तिचे चार. एकूण दहा पदरांतून चौदा नंबरची सुई पाय मारून न्यायला गेलं की एकतर टीप सुटते, नाहीतर सुई वाकते आणि तुकडा उडतो. दोन चुण्या एकमेकींवर चढल्या असतील तर विचारूच नका. तुम्ही चुण्यांमध्ये बोटभर जागा सोडलीत, सोळा नंबरची सुई लावलीत आणि त्या जागी पायडल सोडून हाताने चाक फिरवत एकेक टाका काढलात. एका मास्कला अशा सहा जागा. शे-दोनशे मास्कांचं गणित तुम्हीच करा. सुया तर बाजारात मिळत नव्हत्याच.

नाकावरची तार हा वेगळा विषय. ती नसेल तर वरून श्वास निसटतो. चष्म्यावर वाफ धरली की समजावं, फट तिथे आहे. बांधकामाची तार मऊ आणि हाताशी असते, पण दोन उकळ्यांत गंजते आणि पांढऱ्या मास्कवर तांबूस डाग पडतो. अल्युमिनियमची चार-पाच इंचांची पट्टी किंवा वायरमधून सोललेली तांब्याची तार चांगली. टोकं वळवून घ्यायची, नाहीतर ती कापड फाडून नाकाशी येतात. ज्यांनी तारेसाठी वरच्या पट्टीत एका बाजूने उघडी फट ठेवली, म्हणजे धुण्याआधी तार काढता येईल, त्यांना आमचा नमस्कार.

याच काळात बाजारात काय विकलं जात होतं तेही सांगू, म्हणजे तुमच्या कामाची किंमत कळेल. दुकानात मिळायच्या न विणलेल्या कापडी पिशव्या असतात ना, तसल्या मालाचे एकपदरी मास्क रस्त्यावर ढिगाने आले. ते कापड नव्हेच, पॉलिप्रॉपिलिन आहे. सुती कापडाच्या तापमानाची इस्त्री लावली की वितळून इस्त्रीच्या तळाला चिकटतं. काही मास्कांना पुढे झडप होती. आत येणारी हवा मास्कमधून गाळली जाते, बाहेर जाणारा श्वास मात्र झडपेतून तसाच सुटतो. आपला संसर्ग दुसऱ्याला जाऊ नये म्हणून लावायच्या मास्कमध्ये हे उलटंच झालं. आणि काही लोक एन-९५ साबणाने धुऊन वाळत घालत होते. त्याच्या मधल्या थरात विद्युतभार असतो, बारीक कण तोच पकडतो, आणि धुतल्याने किंवा त्यावर अल्कोहोल फवारल्याने तो उतरतो. तुम्ही वस्तीला धुता येणारा मास्क दिलात. त्यामुळे सर्जिकल आणि एन-९५ ज्यांना खरोखर लागत होते त्या दवाखान्यांच्या साठ्यावरचा ताण तेवढा तरी कमी झाला. आमच्या मते तुमचं सगळ्यात मोठं काम हेच.

पाकिटातल्या त्या चिठ्ठीचेही आभार. हाताने लिहिलेली, बहुतेक वहीच्या पानाचा तुकडा: आधी धुवा मग वापरा, दोघांनी एक वापरू नका, साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवा, ऊन नसेल तर कुकरमध्ये पाण्यात दहा मिनिटं किंवा पातेल्यात पंधरा मिनिटं उकळा, काढताना मागून बंद सोडा, पुढच्या कापडाला हात लावू नका. दोन वर्षांखालच्या बाळाला लावू नका, हेही कुणी कुणी लिहिलं होतं. ब्लीचिंग पावडर वापरू नका हे मात्र अनेक चिठ्ठ्यांत राहून गेलं आणि पुष्कळ मास्क त्यातच विरले.

मास्कची मर्यादा लपवण्यात अर्थ नाही. कापडी मास्क बोलताना, खोकताना उडणारे थेंब अडवतो. हवेत तरंगणाऱ्या बारीक कणांपुढे तो तोकडा पडतो, आणि कडेला फट असेल तर फारच. नंतर बांगलादेशातल्या ६०० गावांत मोठी चाचणी झाली. तिच्यात सर्जिकल मास्कचा फायदा स्पष्ट दिसला, कापडीचा तितका ठामपणे दिसला नाही. पुढे चांगले मास्क मुबलक झाल्यावर लोकांनी ते वापरावेत हेच योग्य होतं. पण मार्च-एप्रिलमध्ये निवड सर्जिकल की कापडी अशी नव्हती. कापडी किंवा शर्टाची बाही, एवढीच होती.

मजुरीचं काय झालं तेही ठाऊक आहे. बचत गटांच्या काही ताईंना 'उमेद' या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानामार्फत काम मिळालं, चार पैसे हाती आले. बाकीच्यांनी पदरमोड केली. दर ठरवताना 'सर्जिकल तर आठ रुपयांना आहे' असं ऐकवणारे भेटले असतील. तो आठाचा दर एकदा वापरून टाकायच्या मास्कचा होता, तोही मिळत असेल तर. तुमचा मास्क पन्नास वेळा धुतला तरी टिकला. दोरा, सुया, मशीनचं तेल, वीज, धुण्याचं पाणी, वाया गेलेल्या कातरणी आणि चाक हाताने फिरवण्यात गेलेला वेळ यांतलं काही बिलात लागलं नाही. त्याबद्दल आभार मानून फिटत नाही, तरी मानतो.

कळावे,
आपले,
शिवणवर्ग आणि आरोग्य केंद्रांतले काही जण

ता. क. पुठ्ठ्याचे साचे रद्दीत गेले नसतील तर त्यावर पेनाने ठळक लिहून ठेवा: मोठ्यांचा ९ बाय ७, मुलांचा ७ बाय ५, आणि 'माप धुऊन आटवलेल्या कापडाचं'. ही शेवटची ओळ नसली तर साचा असून नसल्यासारखा.