ई-सायकलला साधा सॉकेट द्या

महोदय,

ई-सायकलवर लांब जायचे तर मोठी बॅटरी घ्या, असा सल्ला हल्ली जो तो देतो. मी दापोलीहून दाभोळ, फेरीबोटीने धोपावे आणि पुढे गुहागर असा हिंडतो तो ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासांच्या साध्या बॅटरीवर. म्हणजे तिच्यात ३६० वॉट-तास वीज मावते (हजार वॉट-तास म्हणजे एक युनिट). मोटरची मदत सर्वांत खालच्या टप्प्यावर ठेवून पॅडल मारले, तर सपाटीवर किलोमीटरला सात-आठ वॉट-तास पुरतात.

पण कोकणात सपाटी असते कुठे? खाडी ओलांडली की चढ. तिथे गिअर हलका करून पायांनीही जोर लावायचा; सगळा भार मोटरवर टाकला की बॅटरी धडाधड उतरते. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून ताशी २५ऐवजी १८ने गेलेले बरे. (घाई असणाऱ्याने एसटी पकडावी!)

खरी अडचण वाटेतल्या चार्जिंगची. मोटारींच्या केंद्रांवर आमचा चार्जर बहुधा लागत नाही आणि खानावळवाले मीटर पळेल म्हणून कां-कूं करतात. वास्तविक पूर्ण चार्जला अर्धा युनिटही लागत नाही. २ अँपिअरच्या चार्जरने जेवण-वामकुक्षीच्या दोन तासांत चाळीस टक्के बॅटरी भरते. एसटी स्थानके, फेरीबोटीचे धक्के आणि पर्यटक निवासांत सावलीत ५ अँपिअरचे साधे सॉकेट बसवावेत. दहा रुपये आकारा, आम्ही आनंदाने देऊ.

– एक निवृत्त शिक्षक, दापोली