लाल दिव्याची पोच

आदरणीय साहेब,

सादर नमस्कार.

तुमचं नाव मला ठाऊक आहे, पण इथे लिहीत नाही. त्या दिवशीही तुम्ही म्हणाला होतात, "माझं काय त्यात, मी तर ड्युटीवर होतो." तुम्ही आता निवृत्त झाला असाल. हे पत्र तुमच्यापर्यंत पोचेल की नाही, माहीत नाही. तरी लिहितेय.

आठवण यायला कारण घडलं. मागच्या आठवड्यात रात्री मुंबईकडे येताना १२१.५ वर कुणाचा तरी माइक अडकला होता. ही आणीबाणीची फ्रिक्वेन्सी, आम्ही सगळे वैमानिक दुसऱ्या रेडिओवर ती कायम लावून ठेवतो. कॉकपिटची घरघर, मध्येच खोकला, मग कुणीतरी चहात साखर जास्त झाल्याची तक्रार करत होतं. माझे कॅप्टन हसले. मला मात्र एकदम औरंगाबादच्या चिकलठाणा विमानतळाचा टॉवर आठवला, जिथून तुम्ही विमानांना वाट दाखवत होतात.

मे २०१३. मी वीस वर्षांची होते. कमर्शियल लायसन्ससाठी दोनशे तासांचं उड्डाण लागतं, आणि त्यातच तीनशे नॉटिकल मैलांची एक फेरी एकटीने करावी लागते, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून. त्या फेरीतला औरंगाबाद (तेव्हा शहराचं नाव हेच होतं) हा माझा दुसरा थांबा. मे महिन्यात दुपारी तीननंतर मराठवाड्यात लहान विमान घेऊन हवेत राहू नये, हे शेतात राबणाऱ्या कुणीही सांगितलं असतं. पण आधीच्या ठिकाणी इंधनाच्या कागदांवर सही करणारा माणूस जेवायला गेला होता, तो दीड तासाने आला. दीड तासात वळवाचे ढग उभे राहिले.

विमान सेसना १५२. दोन माणसं आणि इंधन धरून साडेसातशे किलोचं, म्हणजे एखाद्या छोट्या मोटारीएवढंच. रेडिओ एकच, तोही जुना. बोलायचं बटण स्टिअरिंगला चिकटपट्टीने बांधलेलं. त्या चिकटपट्टीचं पुढे सांगते.

नाथसागर दिसल्यावर मी तुम्हाला पहिला कॉल दिला. तुम्ही वारा सांगितलात, पूर्वेचा आठ नॉट (तासाला सुमारे पंधरा किलोमीटर), धावपट्टी ०९ (म्हणजे पूर्वेकडे तोंड करून उतरायचं), पंधरा मैलांवर आल्यावर कळवा. मी ते परत म्हणून दाखवलं. त्यानंतर कानात काही नाही. साधी खरखरसुद्धा नाही.

मी आवाज वाढवला, स्क्वेल्च (खरखर दाबणारी कळ) फिरवला, हेडसेटची पिन आणखी आत दाबली. ट्रान्सपाँडरवर (रडारला आपला आकडा सांगणाऱ्या यंत्रावर) ७६०० लावलं. रेडिओ बंद पडल्याचा हा आकडा आरटीआरच्या (रेडिओवर बोलायच्या परवान्याच्या) तोंडी परीक्षेत मी धडाधड म्हटला होता, तेव्हा परीक्षकांनी मानही वर केली नव्हती. दोन मिनिटं १२१.५ वर जाऊन पाहिलं, तिथेही तेच. परत तुमच्या फ्रिक्वेन्सीवर आले. या सगळ्या खटाटोपात रेडिओच्या काचेवर एक बारीक 'टी' अक्षर सतत पेटलेलं होतं. आपलं प्रक्षेपण चालू आहे, असा त्याचा अर्थ. ते माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी ते पाहिलं नाही. आजही याची लाज वाटते.

मागे अहमदनगरच्या बाजूला आभाळ काळं झालं होतं, त्यामुळे परत फिरणं नव्हतं. नियम सांगतो, खाली जमीन दिसत असेल तर दिसतीच ठेवा आणि जवळच्या योग्य विमानतळावर उतरा. जवळचा म्हणजे तुमचाच. मे महिन्यात नाथसागर आटतो, काठाचा गाळ उघडा पडतो आणि नकाशातला आकार खाली कुठेच सापडत नाही. पण पैठणची दहा किलोमीटरची भिंत जागची हलत नाही. तिचे २७ दरवाजे डाव्या पंखाखालून गेले आणि मी पैठण रस्ता धरला.

एकटं माणूस घाबरलं की बोलतं. मी मोठ्याने बोलत होते, आणि मराठीत. "उंची चार हजार. बिडकीन आलं. डावीकडे ढग, उजवीकडून जायचं. सातारचे (औरंगाबादलगतच्या सातारा गावाचे) डोंगर दिसले. शहाणे, खाली बघ, खाली." मध्ये माझ्या इन्स्ट्रक्टरचा उद्धार, इंधनवाल्याचा उद्धार, देवाची दोन-चार नावं. ऐकणारं कुणी नव्हतं ना.

तुम्ही सगळं ऐकत होतात. माझं बटण आत दाबलेलंच राहिलं होतं. मी अखंड बोलत होते, म्हणून तुमचा शब्द मला ऐकू येत नव्हता, आणि माझ्यामुळे त्या फ्रिक्वेन्सीवर दुसऱ्या कुणालाही बोलता येत नव्हतं. कुणी प्रयत्न केला की नुसती शिट्टी वाजायची. मी १२१.५ वर गेलेली ती दोन मिनिटं तुम्ही बरोबर साधलीत. मुंबईच्या विमानाला दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर नेलंत, लांब घिरट्या घालायला सांगितलंत, अग्निशमनाची गाडी धावपट्टीशेजारी आणलीत. मग माझी बडबड परत आली आणि तुम्ही कान देऊन बसलात. मी कुठे आहे ते तुम्हाला माझ्याच तोंडून कळत होतं.

शहराच्या दक्षिणेला आले तेव्हा टॉवरच्या काचेतून हिरवा दिवा लुकलुकला. रेडिओ बंद पडलेल्या विमानाशी टॉवर असाच दिव्याने बोलतो. परत या, उतरायची तयारी करा. मी रडायचीच बाकी होते. पंख डुलवून पोच दिली. ०९ साठी पश्चिमेकडे गेले. देवगिरी दिसायला हवा होता, तिथे फक्त पिवळट धूर होता. उत्तरेला वळले आणि दिवा लाल झाला. स्थिर लाल. वाट द्या, घिरट्या घाला.

आता कबूल करते. मी तुम्हाला "अरे मेल्या" म्हणाले. "अरे मेल्या, तुझी मुंबईची फ्लाइट दोन मिनिटं थांबली नसती का!" हे शब्द जसेच्या तसे तुमच्या टेपवर गेले, आणि त्या टेपा किमान महिनाभर जपतात, हे मला नंतर कळलं. रागाच्या भरात पंख डुलवायचंही राहिलं. डाव्या हाताला तो पिवळा धूर वाढत होता आणि मी शिव्या देत पूर्वेकडे निघाले.

मला धावपट्टी दिसत होती, तुम्हाला धुळीची भिंत दिसत होती. वळवाच्या ढगातून थंड हवा खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते, हे आम्ही हवामानशास्त्रात शिकतो, चौकोनी आकृतीत, बाण काढून. तुमच्या काट्यावर पूर्वेचे आठ नॉट पश्चिमेचे तीस झाले होते. मी ०९ वर उतरत राहिले असते तर तो झोत जमिनीलगत मागून आला असता. पंखाला जमीन कळत नाही, त्याला अंगावरून जाणारी हवा कळते. साठ नॉटने येणाऱ्या विमानाची अर्धी हवा मागच्या झोताने एका क्षणात काढून घेतली की ते पुढे उडत नाही, खाली पडतं. नंतर पुण्याच्या एका मैत्रिणीला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, मग थोडं जोरात यायचं ना. तिला काय उत्तर द्यावं कळेना.

दोन घिरट्या मारल्या. तोवर धूळ पुढे सरकली, विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी) दिसू लागला, आणि तो उलटा झाला होता. मी मोठ्याने म्हणाले, "वारा फिरला. म्हणजे सत्तावीस. सत्तावीसवर जायचं." सत्तावीस म्हणजे तीच धावपट्टी, पण उलट्या टोकाकडून, पश्चिमेकडे तोंड करून. दिवा हिरवा झाला.

तुम्ही नंतर म्हणालात, "तुम्ही सत्तावीस म्हणेपर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता." दिव्याने थांब म्हणता येतं, ये म्हणता येतं, धावपट्टीचा आकडा सांगता येत नाही. तो माझा मलाच सुचायला हवा होता आणि तुम्ही वाट बघत होतात.

समोरून अठरा नॉट वारा असल्याने विमान सायकलवरून उतरल्यासारखं उतरलं. एप्रनवर, म्हणजे विमानं उभी करायच्या जागेवर, तंत्रज्ञ आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, बटण बसलंय की." चिकटपट्टीचा डिंक उन्हाने वितळून आत गेला होता. मी पिन उपटली आणि त्या क्षणी 'टी' विझला. पिन आत दाबण्याऐवजी नाथसागरावरच उपटून पाहिली असती तर! आता रेडिओ गप्प झाला की माझा हात आधी तिथेच जातो. शिकाऊ पोरं भेटली की त्यांनाही हेच दाखवते.

मी खाली बसून अहवाल लिहीत होते तेव्हा तुम्ही ड्युटी संपवून आलात, हातात डबा. माझं लिहिणं संपेपर्यंत उभे राहिलात. मग म्हणालात, "आमच्या रिपोर्टात 'वैमानिक वेळोवेळी आपलं स्थान कळवत होती' एवढंच लिहिलंय. बाकीचं मराठी आम्हाला नीट ऐकू आलं नाही." मी मान खाली घातली. जाता जाता वळून म्हणालात, "हिरव्याला पंख हलवलेत, बरं केलंत. लालला हलवायचे राहिले."

हिरव्यासाठी तेव्हाच आभार मानले होते, घाईघाईत. लाल दिव्यासाठी मानलेच नाहीत. त्याची पोच आज देतेय, साहेब. डावा पंख, उजवा पंख, पुन्हा डावा.

आपली,
सेसनातली ती बडबडी मुलगी