कॅल्गरीच का: आई-बाबांना पत्र

अबू धाबी

ती. आई आणि बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

शहर ठरलं. कॅल्गरी. फोनवर नाव सांगितलं तर आई म्हणाली, "टोरंटो का नाही? तिथे आपली माणसं आहेत." आणि बाबा म्हणाले, "कारणं लिहून पाठव." म्हणून सविस्तर लिहिते आहे. जिथे पटणार नाही तिथे पेन्सिलीने खूण करून ठेवा, रविवारी त्यावर बोलू.

कॅनडाला जायचं की नाही, हा प्रश्न आता संपला आहे. पीआरची, म्हणजे तिथे कायम राहायच्या परवान्याची, कागदपत्रं हातात आहेत आणि त्यावरच्या तारखेच्या आत तिथे उतरावं लागतं. अबू धाबीत पगार चांगला, घर चांगलं, मुंबई तीन तासांवर. पण इथला व्हिसा नोकरीला बांधलेला. मागच्या वर्षी निखिलच्या ऑफिसात एक मोठं काम संपलं तशी माणसं कमी केली, आणि आमच्या शेजारचं कुटुंब मुलांची वार्षिक परीक्षा व्हायच्या आत सामान विकून कोल्हापूरला परत गेलं. त्या घरातली धाकटी मुलगी ओवीची मैत्रीण होती. ओवीवर असं वर्षाच्या मध्यात शाळा सोडायची वेळ येऊ नये, एवढं मला हवं आहे.

आता शहरं. माँट्रियल मला मनापासून आवडलं होतं. मेट्रो उत्तम आहे, आणि स्वस्त पाळणाघरांची योजना तिथल्या क्वेबेक प्रांताने १९९७ पासून चालवली आहे. पण क्वेबेक आपल्याकडे येणारे लोक स्वतःच्या योजनेतून निवडतो, आमचा पीआर त्यातला नाही. शिवाय तिथे बाहेरून आलेल्यांच्या मुलांना सरकारी शाळेत फ्रेंचमधूनच शिकावं लागतं. ओवी चार वर्षांची आहे, ती भरभर शिकेल. निखिलला आणि मला मात्र फ्रेंचमध्ये नोकरी मिळवण्याइतकं यायला वर्षं लागतील, आणि तेवढी वर्षं आमच्या गाठीला नाहीत.

व्हँकूव्हरला थंडी सगळ्यात सौम्य. समुद्र आहे, मागे डोंगर आहेत, पण भाडं देशात सगळ्यात चढं. आरोग्य कार्डालाही पोचल्याचा महिना आणि वर दोन महिने थांबावं लागतं. ते नाव तिथेच खोडलं. विनिपेगला जानेवारीचं सरासरी तापमान उणे १६ च्या आसपास असतं, तेव्हा आईचे गुडघे डोळ्यांसमोर आले. सस्काटून बाबांना आवडलं असतं. आपल्याकडे बाहेरून येणारी मसूर मोठ्या प्रमाणावर त्याच सस्काचेवान प्रांतातून येते. पण निखिलच्या क्षेत्रात तिथे कामं मोजकी. हॅलिफॅक्स छोटं आणि शांत आहे. १९२८ ते १९७१ या काळात जवळजवळ दहा लाख माणसं तिथल्या पिअर २१ या धक्क्यावर उतरून कॅनडात आली, आज तिथे संग्रहालय आहे. ते मला बघायचं आहेच, पण पाहुणी म्हणून.

राहिली ओंटारियो प्रांतातलं टोरंटो आणि अल्बर्टा प्रांतातलं कॅल्गरी. टोरंटो म्हणजे खरं तर मिसिसागा किंवा ब्रॅम्प्टन, कारण खुद्द शहरात राहणं आम्हाला जमणार नाही.

आई, तू म्हणतेस ते खरं आहे. टोरंटोचं मराठी भाषिक मंडळ जुनं आहे. गणपती, दिवाळी, नाटकं, सगळं जोरात होतं. दिल्लीहून टोरंटोला थेट विमान आहे. आणि ओंटारियोचा सगळ्यात मोठा फायदा ओवीचा: तिथे सरकारी शाळेत चौथ्या वर्षापासून पूर्ण दिवसाची बालवाडी असते आणि तिला एक पैसा लागत नाही. अल्बर्टात बालवाडी पाचव्या वर्षी सुरू होते आणि तीही बहुतेक अर्ध्या दिवसाची. या एका मुद्द्यावर मी बरेच दिवस मिसिसागाच्या बाजूने होते.

पण हिशेब मांडला तेव्हा चित्र बदललं. आम्ही बघितलेल्या जाहिरातींत मिसिसागात दोन बेडरूमच्या घराचं भाडं महिना अडीच हजार डॉलरच्या पुढे, कॅल्गरीत अठराशे ते दोन हजार. ओंटारियोत वस्तूंवर १३ टक्के विक्रीकर, अल्बर्टात प्रांताचा विक्रीकरच नाही, फक्त केंद्राचा ५ टक्के. गाडीचा विमा ब्रॅम्प्टनला इतका महाग की तिथली माणसं तो विषय निघाला की थांबतच नाहीत. ओवीच्या पाळणाघराला कॅल्गरीत महिना ३२६ डॉलर लागतील. एप्रिल २०२५ पासून अल्बर्टाने परवानाधारक पाळणाघरांसाठी हा एकच दर ठेवला आहे. ते जमेस धरूनही दर महिन्याला कॅल्गरीत पाच-सहाशे डॉलर वाचतात. आमची जी शिल्लक मिसिसागात आठ महिने पुरेल, ती कॅल्गरीत आणखी काही काळ पुरते. नोकरी नसताना हा जास्तीचा काळ म्हणजे सगळं काही आहे. पैसे संपत आले की माणूस मिळेल ती नोकरी धरतो आणि मग त्यातून बाहेर पडणं फार अवघड जातं. गोदामात रात्रपाळी करणारे आपले दोन इंजिनिअर मला माहीत आहेत. कष्टाला कमीपणा नाही, पण निखिलने पंधरा वर्षं जे काम शिकलं ते त्याच्या हातून सुटू नये.

त्याचं काम तेल आणि वायूच्या प्रकल्पांमधल्या पाइपिंगचं. कॅनडात या कामाचं मुख्य गाव कॅल्गरीच, बड्या तेल कंपन्यांची मुख्यालयं तिथे आहेत. बाबा, यातला धोकाही सांगते. २०१४ च्या शेवटी तेलाचे भाव कोसळले तेव्हा तिथे हजारोंच्या नोकऱ्या गेल्या आणि पुढे शहराच्या मध्यातली जवळपास एक तृतीयांश ऑफिसं रिकामी पडली होती. आता महापालिका अनुदान देऊन त्यातल्या काही इमारतींची राहायची घरं करते आहे. म्हणजे एकाच धंद्यावर उभं असलेलं शहर पडलं की काय होतं, हे त्यांनी पाहिलं आहे. माझं अकाउंट्सचं काम तेलावर अवलंबून नाही, म्हणून आधी मी नोकरी शोधणार. निखिलला तिथल्या इंजिनिअरांच्या संस्थेत नोंदणी करावी लागेल. नोंदणी होईपर्यंत स्वतःच्या नावापुढे इंजिनिअर लावता येत नाही, दुसऱ्या नोंदणीकृत इंजिनिअरच्या हाताखाली काम करता येतं. त्याची त्याला तयारी आहे.

बाबा, आता तुमचा विषय. नकाशा उघडलात तर कॅल्गरीच्या ऐन मध्यात तुम्हाला बो आणि एल्बो या नद्यांचा संगम दिसेल. दोन्ही रॉकी पर्वतातून उतरतात. जून २०१३ मध्ये डोंगरावर बर्फ वितळत असतानाच मुसळधार पाऊस झाला आणि दोन्ही नद्या एकदम फुगल्या. पाऊण लाखाच्या आसपास माणसं घरांतून हलवावी लागली, प्राणिसंग्रहालयात पाणी शिरलं, हॉकीच्या स्टेडियममध्ये खालच्या खुर्च्या बुडाल्या. मी हे वाचत होते तेव्हा डोळ्यांपुढे आपला सांगलीचा आयर्विन पूलच होता. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तिथे पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, तुम्ही निवृत्त असूनही रात्र-रात्र कोयनेच्या विसर्गाचे आकडे वहीत लिहीत होतात, आणि मी इथून दर तासाला फोन करत होते.

एल्बोवर ग्लेनमोर धरण आहे, १९३० च्या दशकातलं, मुळात पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेलं. एवढा मोठा पूर सामावून घ्यायला त्यात जागा नाही. म्हणून २०१३ नंतर शहराच्या पश्चिमेला स्प्रिंगबँक इथे नदीच्या बाजूला एक जलाशय बांधला. एरवी तो कोरडा असतो, त्यात गवत उगवतं. पूर आला की नदीचं पाणी कालव्याने तिकडे वळवायचं, ओसरला की सावकाश परत नदीत सोडायचं. साठा सुमारे ७ कोटी घनमीटर, म्हणजे तुमच्या भाषेत अडीच टीएमसी. २०२५ मध्ये तो वापरायला तयार झाला. कोयनेच्या १०५ टीएमसीपुढे हा आकडा लहान आहे, पण त्यात पाणी साठवून ठेवायचं नाही, फक्त पुराचा माथा कापायचा. धरण भरून ठेवायचं की पुरासाठी रिकामं ठेवायचं, या वादात तुमची अर्धी नोकरी गेली. इथे तो वादच त्यांनी बाजूला काढला. तुम्ही आलात की आपण ते बघायला जाऊ. बो नदीसाठीचं नवं धरण मात्र अजून कागदावरच आहे. म्हणून आम्ही ठरवलं की घर पूररेषेच्या आत घ्यायचंच नाही. महापालिकेचे पुराचे नकाशे सगळ्यांना बघता येतात. कुठलंही घर आवडलं की आधी तो नकाशा उघडायचा, मग भाडं विचारायचं.

सध्या आम्ही ईशान्य भागातली घरं बघतो आहोत, सॅडलटाउन स्टेशनच्या आसपास. तो भाग उंचावर आहे आणि तिथून ट्रेन थेट शहराच्या मध्यात जाते. पंजाबी वस्ती मोठी, त्यामुळे मेथी, कढीपत्ता, ज्वारीचं पीठ चालत जाऊन आणता येईल. आई, तिथेही मराठी मंडळ आहे, टोरंटोपेक्षा लहान. मला वाटतं लहान गावात माणसं एकमेकांना लवकर ओळखतात. त्या भागाला गारांचा मात्र त्रास आहे. जून २०२० मध्ये अशा गारा पडल्या की शहराचं नुकसान एक अब्ज डॉलरच्या वर गेलं. मी फोटो पाहिले: घरांच्या बाहेरच्या आवरणाला ओळीने भोकं, एकही बाजू शाबूत नाही. गाडी घेऊ तेव्हा विमा नीट बघून घेऊ.

थंडीचं लपवत नाही. एखाद-दुसरा आठवडा उणे ३० पर्यंत जातो. पण कॅल्गरीला ऊन भरपूर, वर्षातले ३३० दिवस तरी थोडंफार दिसतंच, आणि हिवाळ्यात मधूनच रॉकी पर्वताकडून शिनूक नावाचा गरम वारा येतो. काही तासांत पारा १५-२० अंशांनी चढतो आणि रस्त्यावरचं बर्फ वितळतं. ही चांगली बातमी असायला हवी. पण आई, ज्यांना अर्धशिशी आहे त्यांचं डोकं या वाऱ्याने धरतं, असं तिथले डॉक्टरही सांगतात. तुझी अर्धशिशी मला माहीत आहे. म्हणून तुम्ही हिवाळ्यात यायचं नाही. मेच्या शेवटी या आणि सप्टेंबरमध्ये परत जा. जूनमध्ये रात्री पावणेदहाला सूर्य मावळतो, तुझं संध्याकाळचं फिरणं जेवणानंतरही होईल. जुलै-ऑगस्टमध्ये एखाद्या वर्षी वणव्यांचा धूर शहरावर येतो, तेवढे दिवस घरात थांबावं लागेल.

तुम्हाला आणण्याचा मार्ग सुपर व्हिसाचा. एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं. त्यासाठी आमचं उत्पन्न ठराविक रकमेच्या वर दाखवावं लागतं आणि तुमचा किमान एक लाख डॉलरचा, एक वर्षाचा आरोग्य विमा काढावा लागतो. तिथल्या सरकारी दवाखान्याची सोय तुम्हाला लागू होणार नाही. बाबांच्या शुगरसाठी विमा कंपनी विचारते की ठराविक महिने औषधात बदल झाला आहे का. म्हणून इथून पुढे औषध बदललं तर तारीख आणि चिठ्ठी दोन्ही जपून ठेवा. कायमचं या, असं मी म्हणत नाही. तुमचं घर, तुमची माणसं, विश्रामबागची सकाळ, हे सोडून तुम्ही दुसऱ्याच्या वेळापत्रकावर राहावं असं मला वाटत नाही. पण दरवर्षी तीन-चार महिने तुम्ही आमच्याजवळ असावं, हे मी शहर निवडताना प्रत्येक वेळी मोजलं आहे. तुमच्यासाठी वेगळी खोली कॅल्गरीतच परवडते, मिसिसागात तुम्हाला दिवाणखान्यात झोपावं लागलं असतं. ते मला चाललं नसतं.

फोनचंही बघितलं. हिवाळ्यात तिथल्या आणि आपल्या घड्याळात साडेबारा तासांचा फरक, उन्हाळ्यात साडेअकरा. आमची संध्याकाळची सात म्हणजे तुमची सकाळची साडेसात किंवा साडेसहा. बाबांचा चहा झालेला असेल, ओवीचं जेवण व्हायचं असेल. टोरंटोहून त्याच वेळी फोन केला असता तर तुम्हाला पहाटे उठवावं लागलं असतं.

आणि नाहीच जमलं, तर पीआर असलेल्या माणसाला दुसऱ्या प्रांतात जायची मोकळीक आहे. दोन वर्षं तिथे मनापासून राहून बघायचं, असं आम्ही दोघांनी ठरवलं आहे.

आता तुमच्याकडची कामं. बाबा, दोघांचे पासपोर्ट काढून तारखा बघा आणि दोन वर्षांहून कमी मुदत उरली असेल तर आताच नूतनीकरणाला द्या. कपाटात माझ्या बीकॉमच्या आणि निखिलच्या गुणपत्रिकांच्या जुन्या प्रती आहेत, त्या आणि ओवीचं लसीकरणाचं कार्ड स्कॅन करून पाठवा. आई, गुडघ्याच्या ऑपरेशनचं डॉक्टरांशी या महिन्यात बोल. ते आपल्याकडेच, मी निघायच्या आधी व्हावं, म्हणजे मला पंधरा दिवस तुझ्याजवळ राहता येईल. तारीख मिळाली की लगेच कळव, त्याप्रमाणे मी तिकीट काढते.

निखिलचा नमस्कार. ओवी दोघांना पापा देते आहे.

तुमची,
मनू

ता. क. बाबा, स्प्रिंगबँकच्या जलाशयाचा नकाशा निखिलने मोठ्या कागदावर छापून घेतला आहे. घरी येताना घेऊन येते.