स्पेलिंग घोकून नव्हे, फोड करून शिकवावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझ्याकडे शिकवणीला येणाऱ्या सातवीतल्या एका मुलीला 'सेपरेट' हा शब्द वीस वेळा लिहिण्याची शिक्षा शाळेत मिळाली. तिच्या वहीत पहिल्या पाच ओळी बरोबर होत्या. सहाव्या ओळीपासून 'पी'नंतरच्या 'ए'च्या जागी पुन्हा 'ई' आला होता, म्हणजे चुकीचे स्पेलिंगच तिने पंधरा वेळा गिरवले. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते, तरी स्पेलिंग म्हणजे घोकंपट्टी ही समजूत अजून गेलेली नाही, याचे मला फार वाईट वाटते.

मराठी मूल कानावर विसंबून लिहिते आणि तसे लिहायला त्याला आपणच शिकवलेले असते. 'पती' आणि 'पत्ती' यांतला फरक कानाला स्पष्ट कळतो. इंग्रजी 'अकॉमोडेशन'मधले दोन 'सी' आणि दोन 'एम' मात्र ऐकू येत नाहीत, म्हणून मूल एकेक गाळते. या शब्दाच्या मुळाशी 'अ‍ॅड' आणि 'कॉम' असे दोन लॅटिन उपसर्ग एकापुढे एक आले आहेत. पुढे 'सी' आल्यामुळे 'अ‍ॅड'मधल्या 'डी'चा 'सी' झाला, अगदी 'उत्' आणि 'चार' मिळून 'उच्चार' होताना 'त्'चा 'च्' होतो तसा. आणि 'कॉम'चा एक 'एम' व मूळ शब्दाचा एक, असे दोन 'एम' झाले. व्यंजनसंधी शिकलेल्या मुलाला हे दोन मिनिटांत पटते. 'सेपरेट'मध्येही 'प्रिपेअर'मधलाच लॅटिन धातू आहे, हे दाखवले की 'पी-ए-आर' ही अक्षरे डोळ्यांपुढे राहतात.

सगळेच शब्द असे सुटत नाहीत, हे मान्य आहे. विल्यम कॅक्स्टनने १४७६ च्या सुमारास वेस्टमिन्स्टरला छापखाना काढल्यानंतर स्पेलिंगे हळूहळू स्थिरावत गेली, पण उच्चार बदलत राहिले. 'नाइट' म्हणजे सरदार या शब्दातला आरंभीचा 'के' तेव्हा बोलला जात असे. कर्ज या अर्थाच्या 'डेट'मधला 'बी' तर लॅटिन मूळ दिसावे म्हणून पंडितांनी मागाहून घातला. आपणही 'ऋषी' म्हणताना 'रु' उच्चारतो आणि लिहिताना संस्कृतातला 'ऋ' राखतो. 'नेसेसरी'त एक 'सी' आणि दोन 'एस', हे मात्र पाठच करावे लागते.

माझी विनंती एवढीच आहे की, इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकात धड्याखाली कठीण शब्दांचे अर्थ देताना त्यांतल्या चार-पाच शब्दांची फोडही छापावी, आणि संधी शिकवण्याच्या आठवड्यात मराठीच्या व इंग्रजीच्या शिक्षकांनी एखादा तास एकत्र घ्यावा.

आपला,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षक, सातारा