उपनगरांतल्या हॉटेलांनी इतर देशांच्या स्वयंपाकाकडेही पाहावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डोंबिवलीत मानपाडा रस्ता, घरडा सर्कलचा परिसर आणि कल्याण-शीळ रस्ता या भागांत गेल्या काही वर्षांत हॉटेलांची मोठी भर पडली आहे. बहुतेकांच्या पाटीवर ‘मल्टिक्विझिन’ लिहिलेले असते. पण मेन्यूकार्ड उघडले की पंजाबी भाज्या, तंदूर, चायनीज, व्हाइट सॉस पास्ता आणि नाचोज एवढ्यावर जग संपते. ठाणे, कल्याण आणि बदलापूरमध्येही मला फारसे वेगळे चित्र दिसलेले नाही. ब्रह्मदेश, श्रीलंका, व्हिएतनाम, इथिओपिया, इराण या देशांचे जेवण जेवायचे असेल तर लोकलने तासाहून अधिक प्रवास करून मुंबई गाठावी लागते आणि शेवटच्या गाडीचे वेळापत्रक डोक्यात ठेवूनच जेवावे लागते. लहान मुले किंवा वृद्ध आईवडील सोबत असतील, तर तो बेत बहुधा रद्दच होतो.

आपल्याकडच्या चायनीजबद्दल माझी तक्रार नाही. चिकन मंचुरियन हा पदार्थ १९७५ च्या सुमारास मुंबईतील क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्ये नेल्सन वँग यांनी तयार केल्याचे सर्वत्र सांगितले जाते, आणि मुंबईच्या खाद्यपरंपरेत त्याचे स्थान पक्के आहे. परंतु तो मुंबईचा पदार्थ आहे. तो मेन्यूवर आला म्हणजे चीनचे जेवण उपनगरात पोहोचले, असे मानता येत नाही.

हॉटेल व्यावसायिकांकडून नेहमी ऐकू येणारे उत्तर असे की, ‘आपल्या लोकांना असले चालत नाही.’ हे मला पटत नाही. उपवासाच्या साबुदाण्याच्या खिचडीतला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा, तसेच शेंगदाणा, बटाटा आणि मिरची हे चारही जिन्नस मूळचे अमेरिका खंडातले आहेत, आणि आपण ते थेट उपवासाच्या ताटात घेतले आहेत. ठाण्यात १८७९ मध्ये बांधलेले सिनेगॉग (ज्यूंचे प्रार्थनास्थळ) आजही उभे आहे, आणि मराठी बोलणारा बेने इस्राएल हा ज्यू समाज पोहे, नारळ आणि फळे यांचा मलिदा अजूनही करतो. नवे जिन्नस आणि वेगळ्या रीती सामावून घेणारा हा जिल्हा ब्रह्मी भातशेवयांना नाकारील, असे मानायला आधार काय?

खरी अडचण मला हिशेबाची दिसते. स्टेशनजवळच्या गाळ्याची अनामत आणि भाडे भरून जो हॉटेल सुरू करतो, त्याला पहिल्या महिन्यापासून टेबले भरलेली हवी असतात. दहा जणांचे कुटुंब आले तर आजोबांपासून नातवापर्यंत प्रत्येकाला काही तरी मिळावे, म्हणून मेन्यू लांबतो; आणि लांब मेन्यू परवडण्यासाठी लाल, पांढरी आणि पिवळी ग्रेव्ही सकाळीच करून ठेवून त्यांतूनच दिवसभराच्या भाज्या निघतात. आचारीही याच कामात तयार झालेले असल्यामुळे एका हॉटेलातून दुसऱ्यात गेले तरी तेच पदार्थ करतात. मालकांना यासाठी दोष देणे योग्य होणार नाही. मात्र या चौकटीत नवीन देशाचे जेवण बसवायचे असेल तर सुरुवात अशा स्वयंपाकापासून व्हावी, ज्याचे बहुतेक जिन्नस आपल्या वाण्याकडे आणि मंडईत आधीपासूनच आहेत.

ब्रह्मदेशाचेच पाहा. लोकमान्यांच्या तुरुंगवासामुळे मंडालेचे नाव मराठी शाळकरी मुलांनाही ठाऊक असते, पण तिथले लोक काय जेवतात याची माहिती आपल्यापैकी फार थोड्यांना आहे. तिथल्या मोहिंगा या माशाच्या रश्शात तांदळाच्या शेवया असतात. त्यात गवती चहा आणि केळीचा गाभा घालतात आणि दाटपणासाठी हरभऱ्याचे पीठ किंवा भाजलेल्या तांदळाची पूड वापरतात. कोकणातून आलेल्या कुटुंबाला यातला कोणता जिन्नस परका वाटेल? शान प्रांतात तर डाळीच्या पिठाचेच टोफू करतात. मुंबईच्या फोर्ट भागात २०१४ मध्ये ‘बर्मा बर्मा’ हे पूर्ण शाकाहारी उपाहारगृह सुरू झाले आणि पुढे त्याच्या शाखा इतर शहरांतही निघाल्या; शाकाहारी ग्राहकाला हे जेवण रुचते, याचा हा पुरेसा पुरावा आहे.

इथिओपियाचे उदाहरण मला अधिकच जवळचे वाटते. तिथले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती बुधवारी, शुक्रवारी आणि दीर्घ उपवासांच्या काळात मांस, अंडी, दूध, तूप काहीही घेत नाहीत. त्यामुळे त्या देशात डाळी आणि भाज्यांचा मोठा स्वयंपाक तयार झाला आहे. हरभऱ्यासारख्या कडधान्याचे पीठ मसाल्यात शिजवून होणारा शिरो (आपला गोड शिरा नव्हे) पिठल्याच्या फार जवळचा आहे. तो ज्या आंबवलेल्या इंजेरा या भाकरीबरोबर खातात, ती टेफ या धान्याची असली तरी तिथे ज्वारीचीही करतात. श्रीलंकेच्या आमटी-कालवणात वापरले जाणारे गोरका हे आंबट फळ तर आपल्या कोकमाच्याच कुळातले आहे.

यासाठी नवे मोठे हॉटेल काढण्याची गरज नाही. चालू हॉटेलांनी आठवड्यातली एक गर्दी नसलेली संध्याकाळ एका देशाच्या चार-पाच पदार्थांसाठी राखून ठेवावी. आपल्या शहरात पोळीभाजी केंद्रे चालवणाऱ्या महिलांकडे रोज ठरावीक वेळेत ठरावीक चवीचे जेवण देण्याचे जे कसब आहे, त्याच्या बळावर शनिवारी आगाऊ मागणी घेऊन मोहिंगा किंवा शिरो-इंजेरा देणे त्यांना सहज जमेल, आणि आधीच मागणी कळल्यामुळे माल वाया जाण्याची भीतीही राहणार नाही. श्रीलंका, थायलंड आणि इंडोनेशिया यांचे वाणिज्य दूतावास मुंबईत आहेत; त्यांच्या मदतीने कल्याण-डोंबिवली महापालिकेने क्रीडासंकुलाच्या मैदानावर खाद्यमहोत्सव भरवावा आणि त्यात स्थानिक बचत गटांना गाळे द्यावेत, अशी माझी महापालिकेला विनंती आहे.

आपल्या वृत्तपत्राकडूनही एक अपेक्षा आहे. खाद्यविषयक पुरवणीत नव्या हॉटेलांची ओळख येते, ती बहुधा दक्षिण मुंबई आणि वांद्र्यातल्या हॉटेलांची असते. त्याऐवजी महिन्यातून एकदा तरी ठाणे ते बदलापूर या पट्ट्यात वेगळ्या देशाचे जेवण करून पाहणाऱ्या लहान व्यावसायिकांबद्दल पत्ता, वेळ आणि दरांसह लिहावे. जाहिरातीवर खर्च करणे ज्यांना शक्य नाही, त्यांच्यापर्यंत ग्राहक त्यामुळे पोहोचू शकेल.

आपली नियमित वाचक,
डोंबिवली (पूर्व)